यादी एका ओळीने सरकली होती, तरी कॅन्सर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या : संशोधकांना डेटा तपासणारी टीम का लागते?

केमोथेरपीचं एकच औषध एका रुग्णाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही. कुणाला कोणतं लागू पडेल, हे आधीच कळलं तर? किती त्रास, किती पैसा आणि किती वेळ वाचेल, हे कॅन्सर जवळून पाहिलेल्या कुठल्याही घराला वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी नेमका हाच दावा केला. डॉ. अनिल पोट्टी, डॉ. जोसेफ नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांचा पेपर 'नेचर मेडिसिन' या नामांकित जर्नलमध्ये आला. गाठीतली कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे पाहून तिच्यावर कोणतं औषध चालेल ते आधीच सांगता येतं, असं त्यात म्हटलं होतं. बातम्या झाल्या, कौतुक झालं. पोट्टी मूळचे भारतातले, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले.

टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात एमडी अँडरसन हे मोठं कॅन्सर सेंटर आहे. तिथल्या डॉक्टरांनाही ही पद्धत आपल्या रुग्णांसाठी वापरायची होती. पण त्याआधी त्यांनी आपल्याच संस्थेतल्या दोघांना विचारलं, की हे नेमकं कसं केलंय ते जरा बघून सांगाल का? त्यातले एक कीथ बॅगर्ली आणि दुसरे केव्हिन कूम्ब्स. दोघंही डॉक्टर नाहीत. डेटाचं विश्लेषण करणं आणि इतरांना त्यात मदत करणं हे त्यांचं काम. त्या 'जरा बघून सांगा'मध्ये त्यांचे दीड ते दोन हजार तास गेले, असं पुढे माध्यमांनी नोंदवलं.

ह्यूस्टनच्या जोडीला काय सापडलं?

ड्यूकच्या पद्धतीचा पाया होता प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या कॅन्सर पेशी. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटकडे अशा ६० प्रकारच्या पेशींचा संच आहे. त्यातल्या कोणत्या पेशी एखाद्या औषधाने मरतात आणि कोणत्या तग धरतात, हे आधीपासून नोंदलेलं होतं. दोन्ही गटांच्या जनुकांमधला फरक शोधायचा, त्यातून एक 'सही' तयार करायची आणि ती रुग्णाच्या गाठीशी ताडून बघायची, अशी ही कल्पना. ती चुकीची नव्हती. घोळ होता आकडे हाताळण्यात.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी उपलब्ध डेटा घेऊन सगळी आकडेमोड पुन्हा करायला घेतली. उत्तर जुळेना. बऱ्याच खटपटीनंतर कारण दिसलं. पेपरमधली जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती. यादीच्या डोक्यावर शीर्षकाची ओळ असते. वापरलेल्या सॉफ्टवेअरला ती अपेक्षित नव्हती. त्यामुळे प्रत्येक जनुकाचं नाव शेजारच्या आकड्याला चिकटलं. शाळेच्या निकालपत्रात नावांचा रकाना एक घर खाली गेला, तर सगळ्या वर्गाचे मार्क जसे चुकतील, तसंच.

आणखी एक गोष्ट जास्त गंभीर होती. काही औषधांच्या बाबतीत 'औषध चालतं' आणि 'औषध चालत नाही' ही लेबलंच उलटी लागली होती. म्हणजे ज्या रुग्णाला औषधाचा उपयोग होण्याची शक्यता सर्वांत कमी, नेमकं त्यालाच ते द्या, असा सल्ला ही पद्धत देऊ शकली असती. शिवाय काही नमुने डेटामध्ये दोनदा आले होते, तेही एकदा एका लेबलखाली आणि एकदा दुसऱ्या. यादीत अशीही काही जनुकं होती, जी मोजणाऱ्या चिपवर मुळात नव्हतीच.

या चुका उच्च गणितातल्या नव्हत्या, कारकुनी होत्या. पुढे लिहिलेल्या पेपरमध्ये या दोघांनी हाच मुद्दा ठळकपणे मांडला. साध्या चुकाच सर्रास होतात आणि कामाची नीट नोंद नसेल तर त्या बाहेरून दिसतच नाहीत.

मग चाचण्या थांबल्या का?

नाही, उलट सुरू झाल्या. २००७ मध्ये या जोडीचे आक्षेप 'नेचर मेडिसिन'मध्येच पत्ररूपाने छापून आले. ड्यूकच्या संशोधकांनी काही चुका मान्य केल्या, पण निष्कर्ष बरोबरच आहेत असं उत्तर दिलं. त्याच सुमाराला ड्यूकमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवर दोन आणि स्तनाच्या कॅन्सरवर एक, अशा तीन क्लिनिकल ट्रायल सुरू झाल्या. शंभराहून अधिक रुग्ण त्यात सामील झाले. कोणाला कोणतं औषध द्यायचं, यात या 'सही'चा वापर होत होता.

ड्यूकमधल्याच एका वैद्यकीय विद्यार्थ्याने २००८ मध्ये लेखी शंका काढल्या होत्या. त्या आतल्या आत राहिल्या. सप्टेंबर २००९ मध्ये बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी सविस्तर पेपर लिहिला. तो वैद्यकीय जर्नलमध्ये नाही, तर 'अ‍ॅनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स' या संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये आला. एरवी डॉक्टर मंडळी जे जर्नल उघडतही नाहीत, त्यात रुग्णांच्या जिवाशी जोडलेला सगळ्यात महत्त्वाचा इशारा छापलेला होता!

त्यानंतर ट्रायल तात्पुरत्या थांबल्या आणि ड्यूकने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. जानेवारी २०१० मध्ये ट्रायल पुन्हा सुरूही झाल्या. बॅगर्ली यांनी दरम्यान पाठवलेले नवे आक्षेप त्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचवलेच गेले नव्हते, हे नंतर उघड झालं.

जुलै २०१० मध्ये 'द कॅन्सर लेटर' या छोट्या साप्ताहिकाने बातमी दिली, की पोट्टी यांनी निधीसाठीच्या अर्जात 'ऱ्होड्स स्कॉलर' असल्याचा खोटा उल्लेख केला होता. मग तीसहून अधिक संख्याशास्त्रज्ञांनी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या प्रमुखांना पत्र लिहिलं आणि चक्रं फिरली. त्याच वर्षी पोट्टी यांनी राजीनामा दिला, ट्रायल कायमच्या बंद झाल्या आणि पेपर मागे घेतले जाऊ लागले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या 'ऑफिस ऑफ रिसर्च इंटिग्रिटी'ने पोट्टी यांनी संशोधनात गैरप्रकार केल्याचा निष्कर्ष जाहीर केला. पोट्टी यांनी तो मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही. रुग्णांच्या कुटुंबीयांनी ड्यूकवर केलेले दावेही त्याच वर्षी तडजोडीने मिटले.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, तीन वर्षं छापून आलेल्या आकडेमोडीने जे झालं नाही, ते बायोडेटातल्या एका खोट्या ओळीने झालं.

पण डॉक्टरांना स्वतःलाच हे आकडे का तपासता येत नाहीत?

कारण डेटाचा आकार. माणसाच्या शरीरात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. एका गाठीची तपासणी म्हणजे २०,००० आकडे. शंभर रुग्ण म्हणजे २० लाख. यात डीएनएचा पूर्ण क्रम वाचायचा ठरवला, तर एका रुग्णाची फाइलच शंभर जीबीच्या पुढे सहज जाते. अमेरिकेच्या 'द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस' या प्रकल्पाने २००६ पासून ३३ प्रकारच्या कॅन्सरचा डेटा गोळा केला. तो अडीच पेटाबाइट भरला, म्हणजे अंदाजे २५ लाख जीबी.

एवढ्या ढिगाऱ्यात काहीतरी 'सापडणं' अजिबात अवघड नसतं. समजा, २०,००० जनुकं तपासली आणि एकाचाही आजाराशी संबंध नाही. तरी योगायोगाने ५ टक्के जनुकं 'महत्त्वाची' दिसतील, हा संशोधनातला नेहमीचा निकष लावला, तर १,००० जनुकं हाताला लागतात. सगळी खोटी. त्यातली चार-पाच कॅन्सरशी जोडून एक सुंदर गोष्ट रचता येते. ती रचणाऱ्याच्या मनात फसवणूक असेलच असं नाही. त्याला उत्तर हवं असतं आणि डेटा त्याला उत्तर देतो, एवढंच.

दुसरी भानगड आणखी छुपी असते. समजा, कॅन्सर रुग्णांचे नमुने सोमवारी मशीनमध्ये टाकले आणि निरोगी माणसांचे मंगळवारी. मशीन रोज थोडं वेगळं वागतं. तापमान बदलतं, रसायनाची बाटली बदलते, हाताळणारा माणूस बदलतो. मग कॉम्प्युटर बेधडक सांगतो की दोन्ही गटांत स्पष्ट फरक आहे. फरक असतोच, पण तो सोमवार आणि मंगळवारमधला! याला 'बॅच इफेक्ट' म्हणतात. २००२ मध्ये रक्ताच्या थेंबातून अंडाशयाचा कॅन्सर ओळखता येतो, असा दावा 'द लॅन्सेट'मध्ये आला होता. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी त्या प्रकल्पाचा डेटाही पुढे तपासला, तेव्हा नमुने ज्या क्रमाने चालवले गेले त्यावर त्यांनी असाच आक्षेप घेतला.

नमुने एकदा असे चालवले, की नंतर जगातला कुठलाही तज्ज्ञ ते दुरुस्त करू शकत नाही. आर. ए. फिशर या प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये कोलकात्यातल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत नेमकं हेच सांगितलं होतं. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. फार तर प्रयोग कशाने मेला, एवढं तो सांगेल.

आणि एक्सेल? त्याचा किस्सा तर आता दंतकथा झालाय. 'सेप्ट-टू' आणि 'मार्च-वन' अशा नावांची जनुकं होती. एक्सेलमध्ये ती टाकली की आपोआप २ सप्टेंबर आणि १ मार्च अशा तारखा व्हायच्या. २००४ मध्येच संशोधकांनी याबद्दल सावध केलं होतं. २०१६ मध्ये एका तपासणीत दिसलं, की जनुकांच्या यादीची एक्सेल फाइल जोडलेल्या पेपरपैकी सुमारे एक पंचमांश पेपरमध्ये असे घोटाळे आहेत. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलून टाकली. सॉफ्टवेअरसाठी माणसाच्या जनुकाचं बारसं पुन्हा करावं लागलं, असा हा प्रकार.

मग 'शेअर्ड' टीम म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक लॅबला स्वतःचा संख्याशास्त्रज्ञ आणि डेटा हाताळणारा प्रोग्रामर परवडत नाही. वर्षभर पुरेल एवढं काम तरी प्रत्येक लॅबकडे कुठे असतं? म्हणून संस्थेच्या पातळीवर एकच गट ठेवायचा आणि सगळ्या लॅबनी तो वाटून घ्यायचा, अशी ही व्यवस्था. गावात प्रत्येकाने ट्रॅक्टर घेण्यापेक्षा सोसायटीचा एक घेतला, तसा हिशेब.

अमेरिकेत १९७१ च्या नॅशनल कॅन्सर अ‍ॅक्टनंतर देशभर कॅन्सर सेंटरची साखळी उभी राहिली. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची मान्यता असलेली अशी ७० हून अधिक केंद्रं आज आहेत. त्यांना मिळणाऱ्या निधीत 'शेअर्ड रिसोर्स'साठी वेगळी तरतूद असते. त्यात महागडी यंत्रं येतात, नमुन्यांची साठवण येते आणि बायोस्टॅटिस्टिक्स, बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणजे डेटा विश्लेषणाची टीमही येते.

काम साधारण असं चालतं. एखाद्या संशोधकाला प्रयोग करायचा असतो. तो आधी या टीमसोबत बसतो. किती रुग्णांचे नमुने लागतील, ते कोणत्या क्रमाने मशीनमध्ये टाकायचे, नेमका प्रश्न काय, हे ठरतं. नमुने उलटसुलट मिसळून चालवायचे, म्हणजे सोमवार-मंगळवारचा घोळ होत नाही. डेटा आला की एका ठरलेल्या पद्धतीने तो तपासला जातो, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली हेही लिहून ठेवलं जातं. अनेक ठिकाणी पहिली बैठक फुकट असते आणि पुढचं काम तासांच्या हिशेबाने संशोधकाच्या निधीतून वळतं होतं.

टीमचं आणखी एक काम कागदावर फारसं दिसत नाही. ते म्हणजे 'नाही' म्हणणं. एवढ्या कमी नमुन्यांत हे सिद्ध होणार नाही. ज्या रुग्णांवर सूत्र बसवलं त्याच रुग्णांवर ते तपासलं, म्हणजे सरावाचाच पेपर परीक्षेला आला, त्यात पैकीच्या पैकी मिळणारच. लॅबच्या प्रमुखाच्या हाताखाली, त्याच्या पगारावर काम करणाऱ्या नवख्या मुलाला हे तोंडावर बोलणं कठीण जातं. बाहेरच्या, संस्थेने नेमलेल्या माणसाला ते थोडं सोपं जातं. थोडंच, कारण ही टीमही त्याच संशोधकाच्या निधीतून आपले तास वसूल करत असते.

इथेच या व्यवस्थेचं दुखणं आहे. विज्ञानात नाव होतं ते नव्या शोधाला. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधण्यात दोन वर्षं घालवणाऱ्याला ना बढती, ना निधी. विश्लेषण करणाऱ्याचं नाव पेपरमध्ये मधल्या गर्दीत कुठेतरी येतं, कधी नुसतं आभार मानून काम भागतं. हीच कौशल्यं असलेल्यांना आयटी आणि औषध कंपन्या जास्त पगारावर बोलावत असतात, ते वेगळंच.

भारतात काय परिस्थिती आहे?

याचं एक चांगलं उदाहरण नवी मुंबईतच आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे गालाच्या आतल्या भागाचा आणि हिरडीचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर दिसतो. आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात जगभरातल्या देशांनी एकेक कॅन्सर वाटून घेतला, तेव्हा भारताने हाच निवडला. अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली जैववैद्यकीय जीनोमिक्सची राष्ट्रीय संस्था यांनी मिळून हे काम केलं. आधी ५० रुग्णांच्या गाठींतली जनुकं वाचली, मग आणखी ६० रुग्णांमध्ये तेच बदल दिसतात का ते तपासलं. आधी शोध आणि मग वेगळ्या रुग्णांमध्ये पडताळणी, हे इथे पाळलं गेलं. २०१३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये तो पेपर आला.

अ‍ॅक्ट्रेकचं दुसरं काम कमी गाजलं, पण ते या विषयाच्या जास्त जवळचं आहे. गाठीतला एखादा बदल कॅन्सरमुळे झालाय की तो त्या माणसात जन्मापासूनच आहे, हे ओळखावं लागतं. त्यासाठी लोकसंख्येत सर्रास आढळणाऱ्या बदलांच्या याद्या वापरतात. या याद्या बऱ्याच अंशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनलेल्या. त्यामुळे एखाद्या भारतीय रुग्णात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला निरुपद्रवी बदल यादीत नसतो आणि तो कॅन्सरचा बदल म्हणून मोजला जाण्याची भीती असते. अ‍ॅक्ट्रेकच्या गटाने ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी ऊतींचा डेटा वापरून १,१४,३०९ बदलांची यादी तयार केली आणि २०१६ मध्ये ती सगळ्यांसाठी मोफत खुली केली. एका लॅबने केलेली डोकेफोड बाकीच्यांना पुन्हा करावी लागू नये, हा त्यामागचा विचार.

डेटा ठेवायला जागाही आता आहे. हरियाणातल्या फरिदाबादला २०२२ मध्ये इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झालं. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा जैविक डेटा तिथे जमा व्हावा, असं धोरण आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये ३०० हून अधिक केंद्रं जोडली गेली आहेत. ग्रिडने उपचारांच्या एकसमान मार्गदर्शक सूचना काढल्या आणि औषधांची एकत्रित खरेदी करून किमती खाली आणल्या.

औषधं एकत्र खरेदी करता येतात, तर विश्लेषणाची टीम एकत्र का ठेवता येऊ नये? जिल्ह्याच्या ठिकाणी एमडीचा प्रबंध लिहिणाऱ्या डॉक्टरला आज आकडेमोडीसाठी बऱ्याचदा ओळखीचा 'स्टॅट्सवाला' शोधावा लागतो, तोही डेटा गोळा करून झाल्यावर. म्हणजे फिशर यांनी सांगितलेलं शवविच्छेदनच. सर्व्हर विकत घेता येतात, मशीनही येतात. अडतं ते कायमस्वरूपी पदांवर. संशोधनाचा निधी बहुतेक वेळा तीन ते पाच वर्षांच्या प्रकल्पाला मिळतो. प्रकल्प संपला की विश्लेषण करणारी मुलगी किंवा मुलगा दुसरी नोकरी बघतो आणि त्याने लिहिलेला कोड कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये राहतो.

ड्यूकनंतर काय बदललं?

२०१२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या प्रकरणावरून मोठा अहवाल काढला. डेटा आणि कोड खुला ठेवा, रुग्णांवर वापरण्याआधी सूत्र पूर्ण गोठवा, म्हणजे नंतर त्यात गुपचूप बदल होणार नाहीत, आणि ते सर्वस्वी वेगळ्या नमुन्यांवर तपासा, अशा त्यातल्या मुख्य शिफारशी. संख्याशास्त्रज्ञांना सहकारी म्हणून बरोबरीने सामील करून घ्या, असंही त्यात होतं. सोशल मीडियावर 'एका रक्तचाचणीत कॅन्सर ओळखणारं एआय' अशी पोस्ट दिसली, तर याच कसोट्या तिलाही लावता येतात. डेटा खुला आहे का? वेगळ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर तपासलंय का? की ज्यांच्यावर शिकवलं त्यांच्यावरच अचूकता मोजली?

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांच्या गटाने अहवालाची वाट पाहिली नव्हती. ड्यूकच्या डेटाशी झगडून वैतागल्यावर २००७ च्या सुरुवातीलाच त्यांनी स्वतःच्या टीमला नवा नियम लावला. एमडी अँडरसनच्या डॉक्टरांना दिला जाणारा बहुतेक प्रत्येक रिपोर्ट अशा स्वरूपात लिहायचा, की मजकूर आणि कोड एकाच फाइलमध्ये असेल. बटण दाबलं की कच्च्या डेटापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं पुन्हा मोजलं जाईल. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता त्यांनी पहिल्यांदा आपलीच दारं उघडी ठेवली होती.